विषाचं कपाट आणि डार्ट नदी : अगाथा ख्रिस्तीच्या गावांतून

सांगलीत आमचं मेडिकल होतं. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असायचं, तेव्हा काउंटरमागच्या स्टुलावर बसून मी अगाथा ख्रिस्ती वाचायची. आधी वाचनालयातले मराठी अनुवाद, मग मूळ इंग्रजी. बाकीचे वाचक खुनी कोण ते शोधतात. मी मात्र विष कुठलं, मात्रा किती, ते कशातून दिलं आणि लक्षणं किती वेळाने दिसली, हे आधी ताडून बघायची, आणि तिचा हिशोब जुळायचा. जुळणारच, कारण बाई पहिल्या महायुद्धात औषधं तयार करायला शिकल्या होत्या आणि १९१७ मध्ये लंडनच्या अपॉथेकरीज हॉलची, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या जुन्या संस्थेची परीक्षा पास झाल्या होत्या. तिच्यावर लिहिणारे बरेच जण ही गोष्ट एका ओळीत उरकतात. माझं मत असं की तिच्या रहस्यकथेची सगळी शिस्त त्या औषधखोलीतून आली. म्हणून जूनमध्ये रीडिंगला लेकीकडे गेले तेव्हा सईला म्हटलं, "लंडन राहू दे, मला आधी टॉर्की दाखव."

बुधवार : रीडिंग ते टॉर्की

एक्झेटरपर्यंतचा प्रवास डुलक्या काढण्यात गेला. पुढे गाडी समुद्राला चिकटली आणि झोप उडाली. ब्रुनेल या इंजिनिअरने १८४० च्या दशकात घातलेला हा मार्ग डॉलिशजवळ थेट लाटांच्या कडेने जातो. एका बाजूला लालबुंद खडकाचे कडे, दुसऱ्या बाजूला पाणी. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात इथली समुद्रभिंत फुटली, रूळ अधांतरी लोंबत राहिले आणि मार्ग एप्रिलपर्यंत बंद होता. जाताना डाव्या हाताची खिडकी घ्या, समुद्र त्याच बाजूला आहे.

टॉर्कीला उतरलो तर स्टेशनबाहेर ताडासारखी झाडं आणि स्वच्छ ऊन! इंग्लंडचा हा किनारा उबदार हवेसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी छातीच्या विकाराचे पैसेवाले रोगी हवापालटासाठी इथे येत, आणि त्यांच्यामागे हॉटेलं, बंगले, बागा आल्या. अगाथा मिलर १५ सप्टेंबर १८९० ला याच गावात जन्मली. वडील फ्रेडरिक अमेरिकन, वडिलोपार्जित पैशावर जगणारे, सज्जन आणि निवांत. ते गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि पैसाही आटत चालला होता. आई क्लाराचं मत असं की मुलांनी आठ वर्षांपर्यंत वाचू नये. पोरगी पाचव्या वर्षीच आपली आपण वाचायला शिकली.

स्टेशनजवळच ग्रँड हॉटेल आहे. २४ डिसेंबर १९१४ ला ब्रिस्टलमध्ये घाईघाईत लग्न लावून अगाथा आणि आर्ची ख्रिस्ती रात्री या हॉटेलात आले. आर्ची आपल्याकडे, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात पेशावरला जन्मलेला. तेव्हा तो वैमानिक दलात होता. लगेच त्याला पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर जायचं होतं. एवढाच मधुचंद्र. आम्ही आत जाऊन चहा घेतला. काचेतून अख्खा उपसागर दिसतो.

संध्याकाळी किनाऱ्याने बंदरापर्यंत चालत गेलो. प्रिन्सेस पिअर लागतो, तिथे ती मैत्रिणींबरोबर चाकांचे स्केट घालून धावायची. बंदराजवळ तिचा अर्धपुतळा आहे, १९९० मध्ये जन्मशताब्दीला बसवलेला. पायाशी बसून एक आजोबा चिप्स खात होते. "सीगलपासून सांभाळा," असं ते आम्हाला सांगताहेत तोवर त्यांच्याच पुड्यातला मोठा तुकडा सीगलने उचलला. आजोबा खळखळून हसले आणि उरलेला पुडा त्यांनी आमच्यापुढे धरला.

टॉर्की सगळं चढउताराचं आहे. नकाशावर पाच मिनिटं दिसणारं अंतर गुडघ्यांना पंधरा मिनिटांचं वाटतं. जाड तळव्याचे बूट आणि हलका रेनकोट, एवढं जवळ असूच द्या.

गुरुवार : औषधखोली

सकाळी आधी टाउन हॉल. महायुद्धात इथे रेड क्रॉसचं इस्पितळ होतं. आता नगरपालिकेची कार्यालयं आहेत, त्यामुळे बाहेरूनच पाहिलं. पायऱ्यांसमोरच्या बाकावर मी बराच वेळ बसले. सईला आधी कळेना की आई एका सरकारी इमारतीकडे एवढं काय बघत्येय.

याच इस्पितळात अगाथाने आधी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली आणि मग तिला औषधखोलीत घेतलं. शिकण्यासाठी ती गावातल्या एका औषधवाल्याकडेही जायची. त्याने एकदा सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधाच्या कांड्या बनवताना दशांश चिन्ह एक घर चुकवलं. दहापट मात्रा! शिकाऊ मुलीने मोठ्या माणसाची चूक तोंडावर दाखवायची कशी? तिने अडखळल्याचं सोंग केलं, ताट पाडलं आणि सपोझिटरी पायाखाली चांगल्या चिरडल्या. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, दशांश चिन्हाची धास्ती आयुष्यभर जात नाही. त्याच गृहस्थाने तिला खिशातून काळपट गोळा काढून दाखवला होता. तो क्युरारेचा, म्हणजे बाण माखायच्या विषाचा. जवळ असला की मला सामर्थ्यवान वाटतं, असं त्याने सांगितलं. पुढे १९६१ मध्ये 'द पेल हॉर्स' लिहिताना तो माणूस तिच्या डोक्यात होता.

कामाच्या मधल्या रिकाम्या वेळात तिला रहस्यकथा लिहायचं सुचलं. आजूबाजूला कपाटं भरून विषं, तेव्हा खून विषानेच करायचा हे ठरलेलंच. "तुला जमणार नाही," असं थोरली बहीण मॅज तिला आधीच म्हणाली होती. गुप्तहेर कसा हवा? टॉर्कीत तेव्हा बेल्जियममधून आलेले निर्वासित राहत होते. त्यांच्यातूनच तिला निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी सुचला, हर्क्यूल प्वारो. लिखाण मध्येच अडलं तेव्हा आईने तिला डार्टमूरच्या माळावर हेटॉरच्या हॉटेलात पाठवलं. सकाळभर लिहायचं आणि दुपारी माळावर एकटीने पात्रांचे संवाद मोठमोठ्याने बोलत हिंडायचं, असं करत तिने कादंबरी पुरी केली.

'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. त्यातलं विष स्ट्रिक्निन. आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बीतून निघतं ते. त्या काळी टॉनिकमध्ये ते अगदी थोडं घालत. अशा मिश्रणात ब्रोमाइड पडलं तर स्ट्रिक्निनचे स्फटिक होऊन तळाशी बसतात; वरचे डोस निरुपद्रवी आणि शेवटच्या डोसात सगळं विष. बी.फार्म.ला आम्हाला 'इन्कॉम्पॅटिबिलिटी'चा, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या औषधांचा आख्खा धडा होता आणि हे उदाहरण त्यात होतं. मिक्स्चरच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी आणि 'बाटली हलवून घ्या'ची चिठ्ठी चिकटवायचे ते याच कारणासाठी. त्या चिठ्ठीमागे एक कादंबरी दडली आहे, हे तिला दिसलं. औषधशास्त्राच्या नियतकालिकाने या पुस्तकाचं कौतुक केलं, त्याचा तिला फार आनंद झाला होता. मला तो आनंद पुरेपूर कळतो.

पुस्तक मात्र सहजी निघालं नाही. अनेक प्रकाशकांनी परत पाठवलं. बॉडली हेडने दोन वर्षं ठेवून घेतलं, शेवटचं प्रकरण बदलायला लावलं आणि पुढच्या पाच पुस्तकांच्या कराराने तिला बांधून घेतलं. १९२० मध्ये ते आधी अमेरिकेत आलं, इंग्लंडमध्ये १९२१ च्या सुरुवातीला. हातात पडले सगळे मिळून २५ पौंड. पण ती लवकर शहाणी झाली. चांगला एजंट धरला, जुना करार पुरा करून प्रकाशक बदलला आणि १९२६ मध्ये 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' कॉलिन्सकडून आलं. पुढे आयुष्यभर प्रकाशक तोच.

तिथून चालत टॉर्की संग्रहालय. तिच्यावर स्वतंत्र दालन आहे आणि टीव्ही मालिकेतल्या प्वारोच्या अभ्यासिकेचा सेटही इथे मांडला आहे. फोटो बघत बघत माझा सगळा वेळ तिथेच गेला. दारावरच्या स्वयंसेवक बाईंना मी औषधवाली म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग थॅलियमची गोष्ट ठाऊक असेलच." ठाऊक होती, तरी दोघींनी मिळून ती सईला पुन्हा सांगितली. १९७७ मध्ये लंडनच्या इस्पितळात कतारहून एक आजारी बाळ आणलं होतं. डॉक्टरांना निदान होईना. तिथली एक नर्स तेव्हा 'द पेल हॉर्स' वाचत होती. बाळाचे केस गळताना बघून तिला कादंबरीतली थॅलियम या विषाची लक्षणं आठवली. तपासणीत तेच निघालं आणि बाळ वाचलं. लेखिका जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

दुपारी टॉर ॲबेच्या बागेत गेलो. तिच्या कथांतल्या विषारी आणि औषधी झाडांचा खास वाफा तिथे आहे. फॉक्सग्लव्हचे जांभळे तुरे अगदी भरात होते. दुकानात हृदयासाठीच्या डिजॉक्सिनच्या गोळ्या मोजून दिल्या, पण त्या घराण्यातलं झाड फुललेलं मी इथे पहिल्यांदा बघितलं. घंटेसारख्या फुलात आतून गडद ठिपके, आणि एक भुंगा पार्श्वभाग बाहेर ठेवून आत शिरलेला. शेजारी बचनागाच्या कुळातलं मंक्सहूड होतं. वाफा साफ करणाऱ्या मुलीच्या हातात जाड हातमोजे होते. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "याला हात लावू नका."

परतताना बार्टन रोडला गेलो. तिचं जन्मघर ॲशफील्ड इथे होतं. १९६० च्या दशकात ते पाडलं. पाडणार हे कळल्यावर तिने ते वाचवायची खटपट केली, पण उशीर झाला होता. आता भिंतीवर फक्त निळी पाटी आहे, समोरून बस जाते. बघण्यासारखं काही नाही म्हणून बरेच जण येत नाहीत. तरी यावं असं मला वाटतं, कारण १९२६ समजायचं तर इथेच उभं राहून समजतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आई गेली. उन्हाळ्यात अगाथा याच घरात पिढ्यांचं सामान एकटीने उपसत होती, भुकेचं आणि झोपेचं भान नव्हतं. आर्ची लांब होता. तो आला तो दुसऱ्या बाईवर, नॅन्सी नील हिच्यावर प्रेम असल्याचं सांगायला. ३ डिसेंबरच्या रात्री ती सनिंगडेलच्या घरातून गाडी घेऊन बाहेर पडली. सकाळी सरी परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरजवळ गाडी सापडली, बाई नाही. पोलीस, स्वयंसेवक, कुत्री, विमानं सगळं लागलं कामाला. शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉइल याने तर तिचा हातमोजा मृतात्म्यांशी बोलणाऱ्या एका माध्यमाकडे दिला. १४ डिसेंबरला ती उत्तरेत हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. तिथे तिने नाव नोंदवलं होतं टेरेसा नील. आत्मचरित्रात तिने या दिवसांबद्दल चकार शब्द काढलेला नाही. लोक आजही याला प्रसिद्धीचा डाव म्हणतात, त्याचा मला राग येतो. आई गेली, नवरा दुरावला, घर रिकामं करायचं आलं, आणि आठ महिन्यांत माणूस कोसळलं. यात रहस्य कसलं? पुढच्या वर्षी पैशाची गरज म्हणून, मन नसताना, ती पुन्हा लिहायला बसली. धंदेवाईक लेखक झाले ती तेव्हा, असं तिनेच नंतर म्हटलं आहे. १९२८ मध्ये घटस्फोट झाला.

रात्री ह्यांना फोन केला. म्हणाले, "काजऱ्याचं झाड होतं का गं तिथल्या बागेत?"

शुक्रवार : ग्रीनवे

अगाथाच्या ग्रीनवे या सुट्टीच्या घराकडे जायला पेंटनहून वाफेची गाडी निघते. कोळशाचा वास, कपड्यांवर काजळीचे बारीक कण, आणि डबाभर आजी-आजोबा. चर्स्टन स्टेशन आलं तसं समोरच्या आजी सईला म्हणाल्या, "ए, बी आणि सी... हे सी!" 'द एबीसी मर्डर्स'मध्ये गावांच्या आद्याक्षरांच्या क्रमाने खून होतात, त्यातला तिसरा या चर्स्टनचा. पुस्तक १९३६ चं. आजींनी पिशवीतून लिंबाचा केक काढला, आम्ही दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी त्यांना तिखट लागली, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

ग्रीनवे हॉल्टला उतरून झाडीतून अर्धा तास चालावं लागतं. चढ आहे. ज्यांना जमणार नाही त्यांनी डार्टमथहून बोटीने यावं, पण धक्क्यावरूनही घरापर्यंत चढणच आहे. स्वतःची गाडी असेल तर पार्किंग आधी आरक्षित केल्याशिवाय निघू नका. घर नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

वळण घेतलं आणि झाडीतून पांढरं घर दिसलं, खाली डार्ट नदी, पलीकडे डिटिशम गाव. १९३८ मध्ये अगाथाने हे घर सहा हजार पौंडांना घेतलं. तोवर तिचं दुसरं लग्न झालं होतं. घटस्फोटानंतर ती ओरिएंट एक्सप्रेसने एकटी बगदादला गेली होती. १९३० मध्ये पुन्हा तिकडे, ऊरच्या उत्खननावर, मॅक्स मॅलोवन भेटला. तो पुरातत्त्वज्ञ, तिच्यापेक्षा जवळजवळ चौदा वर्षांनी लहान. त्याच सप्टेंबरात एडिंबराला लग्न झालं आणि शेवटपर्यंत टिकलं.

आत शिरताच जाणवतं की हे सुट्टीत राहायचं घर आहे. टोप्या, काठ्या, टेनिसच्या रॅकेटी, डब्या, चिनी मातीची भांडी. या घराण्यात कुणी काही टाकून दिलेलं दिसत नाही. ती इथे लिहीत नसे, इथे फक्त सुट्टी. दिवाणखान्यात स्टाइनवे पियानो आहे. तरुणपणी पॅरिसला ती गाणं आणि पियानो शिकली होती, पण लोकांसमोर वाजवायचं म्हटलं की हात कापायचे. नवी कादंबरी छापायच्या आधी रात्री जेवणानंतर घरच्यांना ती वाचून दाखवायची आणि प्रत्येकाने खुनी ओळखायचा. ती बसायची त्या खोलीत उभं राहून मला तिचा हेवा वाटला.

ग्रंथालयात छताखाली चारही भिंतींवर चित्रांची पट्टी फिरते. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने घर ताब्यात घेतलं आणि इथे अमेरिकन तटरक्षक दलाचे लोक राहिले. त्यांच्यातल्या मार्शल ली या लेफ्टनंटने आपल्या तुकडीचा सगळा प्रवास भिंतीवर रंगवला. घर परत देताना पुसून देऊ का म्हणून विचारलं, तर तिने ठेवायला सांगितलं. सैन्यासाठी बांधलेली संडासांची रांग मात्र काढून टाकायला तिने नौदलाशी बराच पत्रव्यवहार केला. तिथे बसलेले स्वयंसेवक काका चित्रातल्या एकेका बंदराकडे बोट दाखवून सांगत होते. शेवटचं चित्र याच घराचं, झाडीत, नदीवर.

तिच्या ७३ वह्या टिकल्या आहेत. शाळकरी वह्या, तारखा नाहीत, क्रम नाही. एका पानावर खुनाचे पर्याय आणि त्यालाच लागून खरेदीची यादी. कथानक कसं बांधलं हे विचारणाऱ्याला ती म्हणे की भांडी घासताना सुचतं. वह्या बघितल्या की कळतं, सुचायचं तेव्हा सुचायचं, पण पुढे 'हा असेल तर? ती असेल तर?' करत तिने प्रत्येक शक्यता तपासलेली आहे.

खाली नदीकाठी बोटहाउस आहे. १९५६ च्या 'डेड मॅन्स फॉली'त प्रेत सापडतं ते इथे. त्या पुस्तकाचाही एक किस्सा आहे. चर्स्टनच्या चर्चला रंगीत काचेची खिडकी द्यायची म्हणून तिने एक लघुकादंबरी लिहिली. ती विकली गेली नाही. मग चर्चसाठी तिने दुसरी कथा दिली आणि या मजकुराची वाढवून पूर्ण कादंबरी केली. काही वाया घालवायचं नाही! २०१३ मध्ये डेव्हिड सूशेने प्वारो म्हणून शेवटचं चित्रीकरण केलं तेही याच आवारात. बोटहाउसच्या आत ओलसर गारवा, खालच्या हौदात नदीचं पाणी शिरायचं अशी सोय. थोडं वर तोफा ठेवलेला सज्जा आहे, तो 'फाइव्ह लिटल पिग्ज'मधला. माझ्या मते तिची सर्वोत्तम कादंबरी ती.

धक्क्यावर घंटा टांगलेली आहे. वाजवली की पलीकडून डिटिशमची छोटी होडी येते. सईने वाजवली. होडीवाल्याने दोन शब्दांत हवामान सांगितलं, "चारला पाऊस." पाऊस चारलाच आला. आम्ही तोवर पलीकडे क्रीम टी मागवून बसलो होतो. गरम स्कोन, त्यावर आधी घट्ट साय आणि मग स्ट्रॉबेरीचा जॅम. डेव्हनमध्ये, म्हणजे या परगण्यात, हाच क्रम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये उलटा, आणि दोघंही आपल्या मताशी पक्के. ही क्लॉटेड क्रीम म्हणजे मंद आचेवर तापवून धरलेली, पिवळसर कडांची साय. अगाथा दारूला शिवत नसे, सायीवर मात्र तिचा जीव. एकच घास खाल्ला आणि मी तिच्या बाजूची झाले.

शनिवार : बर्ग आयलंड

सईने भाड्याने गाडी घेतली. डेव्हनचे रस्ते गाडीच्या रुंदीचे आणि दोन्हीकडे डोक्यावर जाणारी कुंपणं. समोरून कुणी आलं की एकाने मागे जायचं. हे सगळे हसतमुखाने करतात. बिगबरीकडे जाणारा एक खाडीकाठचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, तेव्हा भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघा. बेटासाठीही तेच वेळापत्रक लागतं.

बर्ग आयलंडला ओहोटीत वाळूवरून चालत जाता येतं. भरतीला दोन्हीकडून पाणी येऊन वाट बुडते, थेट आपल्या हाजीअलीसारखी. मग सी ट्रॅक्टर. चार अजस्र चाकांवर उंच खांब, त्यावर माचा, माच्यावर माणसं, आणि खालून समुद्र. आम्ही चालत गेलो आणि ट्रॅक्टरने परतलो. वारा इतका की ओढणी कमरेला बांधावी लागली. पाणी चाकांच्या वर चढलं तसा शेजारच्या छोट्या मुलाने माझा हात घट्ट धरला, त्याच्या आईने मला नजरेनेच विचारलं, मी राहू दे म्हटलं.

बेटावरचं पांढरं हॉटेल १९२९ चं, आर्ट डेको घडणीचं. अगाथा इथे येऊन राहायची. १९३९ चं 'अँड देन देअर वेअर नन' आणि १९४१ चं 'ईव्हिल अंडर द सन' या दोन्हींच्या मागे हे बेट आहे. हॉटेलात पाहुण्यांनाच प्रवेश असतो, पण शेजारची पिल्चर्ड इन ही जुनी खाणावळ सर्वांना खुली आहे. सईने खेकड्याचं सँडविच घेतलं, मी शाकाहारी म्हणून सूप आणि पाव. माथ्यावर जुन्या टेहळणी खोपीचे अवशेष आहेत. पिल्चर्ड माशांचा थवा दिसला की तिथला माणूस ओरडून खालच्या होड्यांना कळवायचा.

माथ्यावर उभं राहिलं की दिसतं, तिने हे बेट का निवडलं. पाणी चढलं की कुणी येऊ शकत नाही, कुणी जाऊ शकत नाही. माणसं मोजलेली, वेळ मोजलेली. मिश्रण करण्याआधी तागडीवर सगळे घटक मांडून ठेवतात, बाहेरचं काही आत पडू देत नाहीत, तीच ही शिस्त. दहा माणसं, एक बेट, आणि एकेक मरतो. कथानक गुंतागुंतीचं वा हास्यास्पद न होता हे साधायचं म्हणून ही कादंबरी लिहायला फार अवघड गेली, असं तिनेच लिहून ठेवलं आहे. जगात सर्वाधिक खपलेल्या रहस्यकादंबऱ्यांत ती मोडते.

रविवारचा दिवस परतीत गेला. गाड्या उशिरा धावत होत्या, त्याबद्दल इतकंच.

पुढचा शनिवार : चोल्सी आणि वॉलिंगफर्ड

हा भाग रीडिंगहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगा आहे. चोल्सी स्टेशनवरून सेंट मेरी चर्चला शेतांमधून पायवाट जाते. कबर आवाराच्या कडेला, भिंतीजवळ आहे. उंच दगडावर मॅलोवन हे लग्नाचं नाव आणि लेखिका म्हणून ख्रिस्ती हे नाव, दोन्ही कोरलेली. खाली स्पेन्सर कवीच्या ओळी आहेत: कष्टानंतर झोप, वादळानंतर बंदर, असा त्यांचा आशय. १९७८ मध्ये मॅक्सही शेजारी आला. गवत कापणाऱ्या गृहस्थांनी यंत्र बंद केलं आणि आम्ही कुठल्या ते विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाले, मागच्याच आठवड्यात जपानहून एक जोडपं आलं होतं.

तिथून वॉलिंगफर्डपर्यंत खुणा केलेली पायवाट आहे. सपाट आहे, पण पावसानंतर चिखल होतो. गावाच्या कडेला विंटरब्रुक हाउस. १९३४ मध्ये घेतलेलं हे तिचं खरं लिहायचं घर. १२ जानेवारी १९७६ ला वयाच्या ८५ व्या वर्षी ती इथेच गेली. खासगी घर आहे, रस्त्यावरूनच बघायचं, फाटकात थांबून राहू नये.

मॅक्सबरोबर ती दर मोसमात इराकला जायची. १९४९ पासून निमरूदला उत्खनन सुरू होतं. तिथे सापडलेल्या हस्तिदंताच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोरीव वस्तू तिने चेहऱ्याला लावायच्या क्रीमने आणि विणकामाच्या सुईने साफ केल्या. भेगांमधली माती निघेल, पण हस्तिदंताला धक्का लागणार नाही असं दुसरं काही तिला सापडलं नव्हतं. ही युक्ती मला तिच्या एखाद्या कथानकाइतकीच आवडते.

वॉलिंगफर्डच्या बाकावर बसलेला तिचा ब्राँझचा पुतळा २०२३ चा आहे. हातात पुस्तक, शेजारी रिकामी जागा. शाळेतल्या मुली रांगेने तिच्याजवळ बसून फोटो काढत होत्या. एकीने तिच्या कानात काहीतरी विचारलं आणि बाकीच्या "सांग ना, काय म्हणाली!" करून ओरडल्या. जवळच्या संग्रहालयात तिच्या इथल्या आयुष्याची मांडणी आहे. वेळा आधी बघून जा. सिनोडन प्लेअर्स या गावच्या हौशी नाट्यसंस्थेची ती १९५१ पासून मरेपर्यंत अध्यक्ष होती. तेव्हा लंडनमध्ये तिचं नाटक 'द माउसट्रॅप' सुरू व्हायचं होतं. नोव्हेंबर १९५२ मध्ये ते सुरू झालं ते करोनातली मधली सुट्टी सोडली तर आजही चालू आहे. त्याचे हक्क तिने नऊ वर्षांच्या नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकले होते.

गाडीला वेळ होता म्हणून चहाच्या दुकानात बसलो. सईने अगाथा फारशी वाचलेली नाही. ती विचारत होती, सुरुवात कशाने करू. मी तिला दिलेला क्रम असा. आधी 'स्टाइल्स', कारण औषधखोली तिथे आहे. मग 'रॉजर ॲक्रॉइड', त्याबद्दल कुणाशीही बोलायचं नाही, मागचं पान चाळायचं नाही. मग 'फाइव्ह लिटल पिग्ज', ग्रीनवेचा तो सज्जा डोळ्यांपुढे ठेवून. तिची दुसरी गुप्तहेर मिस मार्पल, तिच्यासाठी 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'. आणि 'कर्टन' अगदी शेवटी. तो तिने दुसऱ्या महायुद्धातच लिहून कुलपात ठेवला होता आणि १९७५ मध्ये बाहेर काढला. प्वारो त्यात मरतो, हे सगळ्यांना माहीत आहे, कारण न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर त्याची मृत्युवार्ता छापली होती. कसा मरतो ते मात्र सईला मी सांगितलं नाही.